माहितीचा प्रवाह आणि वाचनाची खूण

धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी यंत्रांकडून क्षणोक्षणी येऊ लागल्या, म्हणजे त्या साठवून पुढील संगणकाकडे पोचविणारी व्यवस्था लागते. २०१३ मध्ये सुरू झालेली ‘ॲमेझॉन कायनेसिस’ ही इंटरनेटवरील अशीच एक सेवा होय. आवक नोंदवहीप्रमाणे तीत प्रत्येक नोंदीस क्रमांक मिळतो. वाचणारा संगणक आपण कोठवर वाचले याची खूण ठेवतो आणि बंद पडल्यास तेथूनच पुढे वाचू लागतो. खूण करण्यापूर्वीच तो बंद पडला, तर काही नोंदी दुबार येतात; म्हणून क्रमांक ताडून पाहणे अगत्याचे असते.

मुदत वाढविली नसल्यास नोंदी केवळ २४ तास राहतात. दुरुस्तीस त्याहून विलंब लागला, तर मधल्या नोंदी कायमच्या नष्ट होतात. ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढविता येते. जोडणी करतानाच ती ठरविणे श्रेयस्कर होय.