जिवंत आमिषासाठी पाग : घेताना काय पाहावे?

कोकणातील बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांत गळाने जिताडा किंवा तांबोशी धरणाऱ्याची कमाई आमिषावर ठरते. हे दोन्ही मासे शिकारी आहेत. मेलेल्या कोळंबीपेक्षा हलती कोळंबी किंवा बोटभर बोई दिसली की ते लवकर झडप घालतात. हे आमिष जिवंत धरण्याचे साधन म्हणजे पाग, हाताने फेकायचे गोल जाळे.

पाग हाही शेवटी धाग्याचाच माल आहे, म्हणून कापडाच्या व्यापाऱ्याला त्यावर चार शब्द सांगता येतात. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. ती कुजत, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवावी लागत. नायलॉन कुजत नाही, पाणी कमी पिते आणि लवकर बुडते. मात्र उन्हाने त्याचा धागा कमजोर होतो. म्हणून पाग गोड्या पाण्यात धुऊन सावलीतच वाळवावा.

खरेदीत खरी फसगत होते ती आसाच्या मापात. कोणी आसाची एक बाजू मोजतो, कोणी आस ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजतो. ताणलेले माप बाजूच्या दुप्पट येते. म्हणजे १० मिलिमीटर बाजूचा आस आणि २० मिलिमीटर ताणलेला आस हा एकच माल! भाव विचारण्याआधी माप कोणते, हे विचारावे आणि स्वतः पट्टी लावून पाहावे.

खाण्याचा मासा आसात अडकला तरी चालतो. आमिषाचा मासा अडकता कामा नये. कल्ल्यात धागा रुतला, खवले निघाले, की तो फार वेळ जगत नाही. म्हणून बोटभर बोईसाठी बाजूने ८ ते १० मिलिमीटरचा आस ठीक पडतो. त्याहून बारीक आसाचा पाग सावकाश बुडतो, आणि तोवर मासे निसटतात. शिशाच्या गोळ्या काठावर सारख्या अंतरावर आहेत का, गाठी सरकतात का, हेही तपासावे.

आता वेळ. भरती कधी, याचा कोकणात जुना हिशेब आहे: पंधरवड्याच्या तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला सुमारे ६ वाजता पूर्ण भरती. चांदाची तारीख चंद्रदर्शनापासून मोजली जात असल्याने ती तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तेवढे दिवस मिळवून हिशेब करावा. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो.

ओहोटी लागली की तिवरांतले पाणी लहान नाल्यांतून खाडीत उतरते आणि त्याबरोबर बोई, कोळंबीही उतरतात. पाग तिथेच, नाल्याच्या तोंडाशी टाकावा. तळ चिखलाचा किंवा वाळूचा असावा. कालवे आणि मुळे असतील तिथे जाळे फाटते. शिसे तळाला टेकू द्यावे, मग दोरी हळूहळू ओढावी, म्हणजे गोळ्या एकत्र येऊन तोंड बंद होते.

धरलेले आमिष ओल्या हाताने उचलावे. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्लोरीन माशाला मारते. त्याच खाडीचे पाणी घ्यावे, भांडे सावलीत ठेवावे आणि पाणी वरचेवर बदलावे, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. गर्दी करू नये. भांड्यापेक्षा पाण्यात बुडवून ठेवलेली जाळीची टोपली बरी.

गरजेपुरते ठेवून बाकीची पिल्ले लगेच सोडून द्यावीत. आज बोटभर असलेली बोई उद्या बाजारात वजनावर विकली जाते. जो कारागीर आपले भांडवल मोडून खात नाही, त्याचाच धंदा टिकतो.