थेंबभर द्रवाचा हिशेब

आपल्याकडील अनेक मुले-मुली आज विज्ञान शाखेत शिकत आहेत. काहीजण तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पूर्ण करून रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले आहेत. त्यांच्या रोजच्या कामातील एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. ती गोष्ट म्हणजे द्रव मोजून घेणे.

रक्तातील साखरेची नेहमीची तपासणी पाहा. १००० मायक्रोलिटर रसायनात १० मायक्रोलिटर सीरम मिसळतात. रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. तेव्हा हे दहा मायक्रोलिटर एका थेंबाएवढेही भरत नाहीत. आता १० ऐवजी ११ गेले, तर उपाशीपोटी १२० असलेली साखर १३२ च्या आसपास दिसेल. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे! डॉक्टर तपासणी पुन्हा करवून घेतात हे खरे, पण तोपर्यंत त्या घरातील माणसांची झोप उडालेली असते.

येथे एक बारीक मेख आहे. प्रत्येक तपासणीत, साखर किती हे आधीच ठाऊक असलेले प्रमाणित द्रावण घेऊन त्याच्याशी तुलना करतात. तेही त्याच पिपेटने घेतले आणि पिपेट दर वेळी ११ च देत असेल, तर चूक दोन्हीकडे सारखी पडते व उत्तर जवळजवळ बरोबर येते. मात्र एकदा ९ आणि एकदा ११ असे होऊ लागले, तर कोणतीच तुलना वाचवू शकत नाही. अचूकपणा हवाच, पण आमच्या मते हाताचे सातत्य त्याच्याही आधी हवे.

पूर्वी काचेच्या पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढत. रोगजंतू व विषारी रसायने तोंडात जाण्याची भीती असे. १९५७ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिख श्निट्गर यांनी अंगठ्याने दाबायचा, स्प्रिंगचा दट्ट्या असलेले पिपेट तयार केले. आजची पिपेटे त्याच वंशातील.

या दट्ट्याला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचे, टिप दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, पिपेट उभे धरायचे व अंगठा सावकाश सैल करायचा. सोडताना टिप भांड्याच्या कडेला टेकवून दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचे. नवशिक्या मुलांचा गोंधळ येथेच होतो: द्रव घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबले की जास्त द्रव वर येतो. अंगठा झटकन सोडला तर बुडबुडा शिरतो. सीरम पाण्यापेक्षा दाट, टिपेला चिकटणारे. म्हणून नवी टिप त्याच सीरमने एकदा भरून रिकामी करावी. घाई असली की हेच पहिले वगळले जाते. असो.

पिपेट खरे बोलते की नाही हे तराजू सांगतो. २५ अंश तापमानाला १००० मायक्रोलिटर शुद्ध पाणी सुमारे ०.९९६ ग्रॅम भरते. दहा वेळा पाणी सोडून दहाही वजने लिहावीत. सरासरीवरून पिपेट किती चुकते ते कळते. वजने एकमेकांपासून लांब पडली, तर टिप नीट बसते का, आतील सील झिजले आहे का हे पाहावे. आणि तेच पिपेट दुसऱ्याच्या हाती देऊन पुन्हा दहा वजने घ्यावीत.