फास्टर फेणेचे पुनरागमन : निर्मात्याच्या पश्चात गुप्तहेराची नवी कथा

प्रास्ताविक :

एका लेखकाने निर्माण केलेल्या गुप्तहेरावर त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या लेखकाने नवी कथा रचणे, हा प्रकार इंग्रजीत चांगलाच रुळलेला आहे. मराठीत तो अपवादानेच आढळतो. परकीय गुप्तहेराला मराठी नाव व मुंबईचा पत्ता देणे येथे सहज घडले. मराठी गुप्तहेराचा वारसा दुसऱ्या मराठी लेखकाने पुढे चालविल्याची उदाहरणे मात्र शोधावी लागतात. त्यांपैकी ठळक उदाहरण भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेचे होय. अशा नव्या कथेला मूळ साहित्याशी नाते कसे जोडावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

होम्सने ठेवलेल्या मोकळ्या जागा :

आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या व ५६ कथा लिहिल्या. त्यांचे निधन १९३० मध्ये झाले, पण होम्सच्या नव्या कथा थांबल्या नाहीत. यामागे होम्सची लोकप्रियता आहेच. त्याहून महत्त्वाचे कारण मूळ कथांच्या रचनेत आहे. बहुतेक कथा डॉ. वॉटसन सांगतो आणि सांगता सांगता न सांगितलेल्या प्रकरणांचा ओझरता उल्लेख करून पुढे जातो. १९२२ च्या एका कथेत तर लंडनच्या एका बँकेत ठेवलेली, अप्रकाशित टिपणांनी भरलेली पत्र्याची पेटी आहे. नंतरच्या लेखकांना ही पेटी म्हणजे उघडे आमंत्रणच ठरले. डॉयल यांचे पुत्र एड्रियन आणि जॉन डिक्सन कार यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला कथासंग्रह अशाच उल्लेखांवर उभा आहे.

दुसरी मोकळी जागा काळाची. १८९३ मध्ये डॉयल यांनी होम्सला धबधब्याच्या दरीत लोटले आणि १९०३ मध्ये परत आणले. मधला काही काळ आपण तिबेटात होतो, असे होम्स सांगतो. जमयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने १९९९ च्या कादंबरीत नेमका तोच काळ घेतला. त्यातील होम्स मुंबईमार्गे तिबेटकडे जातो आणि त्याची हकीकत वॉटसनऐवजी किपलिंगच्या ‘किम’मधील हरी चंदर मुखर्जी सांगतो. साम्राज्याच्या कथेतील दुय्यम बंगाली पात्राकडे निवेदन सोपविल्यामुळे संपूर्ण कथेची दृष्टीच पालटते. नव्या कथेने मूळ कथेवर केलेले भाष्य म्हणतात ते हेच.

फुरसुंगीचा बनेश :

फास्टर फेणेच्या बाबतीत अशी पेटी नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, सायकलवर भरधाव जाणारा, जिभेने ‘टॉक्’ असा आवाज काढणारा हा हडकुळा मुलगा सुमारे वीस पुस्तकांतून प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत पोहोचतो. मालिकेतील एका पुस्तकाच्या नावातच ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आहे. तथापि बनेशचे कौशल्य होम्ससारखे अनुमानाचे नाही. तो अन्यायात नाक खुपसतो, अडकतो आणि चपळाईने सुटतो. या कथांचा निम्मा आनंद भागवतांच्या खट्याळ निवेदनात आहे. म्हणूनच दुसऱ्या लेखकाला फेणेचे नाव व सवयी घेता येतात. तो निवेदक मात्र कसा घ्यायचा, हा कठीण प्रश्न आहे.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखालील या चित्रपटासाठी क्षितिज पटवर्धन यांनी भागवतांची एखादी जुनी कथा पडद्यावर न आणता नवीच कथा लिहिली. अमेय वाघ यांनी साकारलेला बनेश शाळकरी राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका विद्यार्थ्याच्या मृत्यूमागे परीक्षेतील गैरव्यवहाराचे जाळे शोधून काढतो. (महाविद्यालयीन वाचकाला हा गुन्हा अनोळखी वाटण्याचे कारण नाही.) याच कथेत खुद्द भा. रा. भागवत हे पात्र म्हणून येतात. ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. निवेदकाचा आवाज उसना घेता येत नाही म्हणून निवेदकालाच घरात आणून बसविले, असे या योजनेचे वर्णन करता येईल. वॉटसनच्या पेटीचेच हे मराठी रूप आहे.

या बदलात काही हरवलेही. मोठ्या वयाबरोबर गुन्हा गडद झाला आणि मुलांच्या कथेतील निर्भर खोडकरपणा मागे पडला. नव्या पिढीचा प्रेक्षक मिळवताना ही किंमत बहुधा टळण्यासारखी नव्हती. परंतु मूळ पुस्तके न वाचलेल्याला भागवतांचा फेणे या चित्रपटातून पुरता कळेल, असे म्हणता येत नाही. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत नेणाऱ्या भागवतांना, एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना काय गळते, हे नवे नसते.

हक्क आणि उपलब्धता :

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू एके काळी घरोघरी परिचित होते. त्यांच्या वाट्याला फेणेसारखे ठळक पुनरागमन आलेले नाही. यात कायद्याचा भाग आहे. भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. त्यामुळे होम्स भारतात १९८० च्या अखेरीसच मुक्त झाला, अर्नाळकरांचे लेखन २०५६ च्या अखेरीपर्यंत आणि भागवतांचे २०६१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. तोवर वारसांच्या संमतीचा मार्ग खुला असतोच. पण होम्स मुक्त होऊनही मराठीतील ओढ मुख्यतः भालबा केळकरांसारख्यांनी केलेल्या भाषांतरांकडे राहिली. तेव्हा केवळ कायद्याला दोष देता येणार नाही.

खरी अडचण मूळ ग्रंथांच्या उपलब्धतेची आहे. नव्या कथेतील बदलाची गंमत जुनी कथा ठाऊक असलेल्यालाच कळते. अर्नाळकरांच्या पुस्तिका स्वस्त कागदावर छापल्या गेल्या आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरून झिजल्या. अभिजनांनी हलके ठरविलेले हे साहित्य जतन करणे महाविद्यालयीन ग्रंथालयांनाही क्वचितच आवश्यक वाटले. झुंजारची नवी कथा २०५७ मध्ये कुणी विनापरवाना लिहू शकेल. तोपर्यंत जुन्या झुंजारच्या किती प्रती वाचण्याजोग्या उरतील, हे आज ग्रंथालयांत काय राखले जाते यावर ठरेल.