दस्तकाचा वाद : कान्होजी आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज

गोंडपिपरीच्या बाजूस वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या रानांतून सागवानाची गाडी निघाली, कीं नाक्यावर पहिला प्रश्न होतो तो परवान्याचा. परवाना नसेल तर माल अडकतो, आणि त्यास कोणी लूट म्हणत नाहीं. ज्यांनीं समुद्र डोळ्यांनीं पाहिला नाहीं, अशा श्रोत्यांसही अठराव्या शतकांतील कोंकण किनाऱ्यावरील झगड्याचें मर्म या दाखल्यावरून कळण्यासारखें आहे. तो झगडा तोफांनीं लढला गेला खरा. पण त्याच्या मुळाशीं एक कागद होता. त्याचें नांव दस्तक.

ही चाल मराठ्यांनीं काढलेली नव्हे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनीं हिंदी समुद्रांत आपल्या परवान्यावांचून कोणीं व्यापार करूं नये, असा दंडक घातला होता. बिनपरवान्याचें जहाज ते धरीत. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं तोच नियम कोंकणच्या पाण्यावर चालविला. पोर्तुगीजांनीं केला तेव्हां तो राज्याधिकार ठरला, आणि कान्होजींनीं केला तेव्हां इंग्रजी दप्तरांत ती चांचेगिरी झाली!

इंग्रज कंपनीचें म्हणणें असें कीं, आमच्या निशाणाखालच्या जहाजास दुसऱ्याचें दस्तक कशाला? कान्होजींचा आक्षेप असा कीं, कंपनीचा माल निराळा आणि तिच्या निशाणाआड जाणारा खाजगी व्यापाऱ्यांचा माल निराळा. १७१२ सालीं कारवारहून मुंबईस येणारें गव्हर्नराचें खास जहाज कान्होजींनीं धरलें. त्या झुंजींत कारवारच्या वखारीचा प्रमुख ठार झाला व त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यांत आलें. १७१३ सालीं तह झाला, परंतु परक्या मालाचा प्रश्न तसाच धुमसत राहिला.

पुढें गव्हर्नर चार्ल्स बून यानें नवें आरमार उभारलें. १७१७ सालीं विजयदुर्गावर व १७१८ सालीं खांदेरीवर चढाई झाली, दोन्ही फसल्या. १७२१ सालीं पोर्तुगीजांस सोबत घेऊन कुलाब्यावर केलेली मोहीमही वायां गेली.

एवढीं मोठीं जहाजें हटलीं कशीं? शिडाचें जहाज वाऱ्याचें बांधलेलें असतें. वारा पडला कीं तें जागच्या जागीं डोलत राहतें. आंग्र्यांचीं गलबतें वल्ह्यांवर चालत, आणि उथळ पाण्यांतून, खाडींतून हवीं तेव्हां बाहेर पडत. त्यांच्या मागोमाग गुराबा येत. वेळप्रसंगीं गलबतें त्यांस दोरानें ओढून आणीत. गुराबेच्या नाळेवर पुढें मारा करणाऱ्या तोफा असत. शत्रूच्या तोफा बहुतेक बाजूंस असल्यामुळें त्याच्या पिछाडीस जाऊन प्रथम डोलकाठ्या व शिडें तोडावयाचीं, आणि मग गलबतांवरील माणसांनीं तलवारी घेऊन वर चढावयाचें, ही रीत होती.

१७२९ सालीं कान्होजी वारले आणि घरांत भाऊबंदकी माजली. ज्या आरमारास इंग्रज पुरे पडले नाहींत, त्यास पेशव्यांचें वैर भोंवलें. तुळाजी आंग्रे यांस मोडण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशींच संधान बांधलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें पेशव्यांचें सैन्य जमिनीवरून आणि वॉटसन व क्लाईव्ह समुद्रावरून विजयदुर्गावर आले. बंदरांतील आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तें आरमार मराठी राज्याचेंच होतें, हें पुण्यास त्या वेळीं सुचलें नाहीं. किल्लाही इंग्रजांनीं लगेच सोडला नाहीं. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तह झाला, त्यांत तो पेशव्यांस मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेलें.