दम्याचा हिशेब मांडणारं यंत्र

पारनेर तालुक्यात ज्वारी-बाजरीची मळणी सुरू झाली की नाकातोंडात भुसा जातो. कांदा चाळीत भरताना सालपटांची धूळ उडते. कितीतरी घरांत चूल आजही पेटते. खोकला महिनाभर हटला नाही, चढावर दम लागू लागला की डॉक्टर छातीला नळी लावतात, थुंकीची तपासणी सांगतात आणि म्हणतात, “सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पण करून घ्या.”

जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त घेतात. पुढचं काम टेबलावरच्या सेल काउंटरचं.

या यंत्राचं मूळ शिकागोतल्या एका तळघरात आहे. वॉलेस कुल्टर यांनी 1949 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 20 ऑक्टोबर 1953 रोजी ते मिळालं. तत्त्व सोपं आहे. मिठाच्या पाण्यात पातळ केलेलं रक्त सूक्ष्म छिद्रातून ओढायचं. त्या छिद्रातून विजेचा प्रवाह वाहत असतो. पेशी आत शिरली की विरोध क्षणभर वाढतो. तेवढा ठोका मोजायचा; ठोका जितका मोठा, तितकी पेशी मोठी. सुरुवातीच्या प्रयोगात हे छिद्र सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं. त्याआधी तंत्रज्ञ काचेच्या चौकटीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजत.

फुप्फुसासाठी यातली मोलाची पांढरी पेशी म्हणजे इओसिनोफिल. 1879 मध्ये पॉल एर्लिख यांनी ती इओसिन या लाल रंगाने ओळखली. ॲलर्जीच्या दम्यात ती श्वासनलिकेच्या अस्तरात गोळा होते, तिच्यातली प्रथिनं अस्तर सोलतात, नळ्या सुजतात. त्या सुजेची चाहूल रक्तात लागते.

अहवालात टक्का पाहून निष्कर्ष काढणं धोक्याचं. पांढऱ्या पेशी 5,000 आणि इओसिनोफिल 6 टक्के, तर एका मायक्रोलिटरमध्ये 300; पेशी 12,000 आणि टक्का 4, तर 480. टक्का कमी, पेशी मात्र जास्त. सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराचा) त्रास वारंवार उसळणाऱ्या रुग्णात ही संख्या 300 किंवा अधिक असेल, तर श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता मोठी. 100 च्या खाली फायदा थोडा, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतोच. महागड्या तपासण्यांशिवाय औषधाची दिशा ठरते, ती अशी.

आकडा हजारांत गेला तर विचार बदलावा लागतो. भारतातल्या रुग्णांवरून वाइनगार्टन यांनी 1943 मध्ये ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’चं वर्णन केलं. रात्रीचा कोरडा खोकला, घरघर आणि 3,000 च्या वर इओसिनोफिल. मागाहून कळलं की कारण हत्तीरोगाचे जंत. अशा रुग्णाला दम्याचा पंप पुरत नाही. हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या लागतात. विदर्भात हत्तीरोग आढळतो; म्हणूनच रुग्ण तिकडे कामाला जाऊन आला आहे का, हे विचारावं लागतं.

इओसिनोफिलखेरीज पाहिली जाते ती न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची जोडी. 2021 मध्ये पारनेर तालुक्यातल्या भाळवणीला तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी सुमारे 1,100 खाटांचं कोविड केंद्र उभारलं. त्या महिन्यांत घरोघरी सीबीसीचे कागद फिरत होते. न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि त्यांचं गुणोत्तर चढत जातं, तेव्हा आजार बळावतोय का, याकडे डॉक्टर लक्ष देत. मात्र हे गुणोत्तर साध्या जंतुसंसर्गातही चढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही.

छोट्या लॅबमधलं ‘थ्री-पार्ट’ यंत्र पांढऱ्या पेशींचे तीनच गट करतं. इओसिनोफिल वेगळा दाखवत नाही. त्यासाठी ‘फाइव्ह-पार्ट’ लागतं. ते नसेल तर तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतो, लीशमन रंग चढवतो, शंभर पेशी डोळ्यांनी मोजतो. नारिंगी दाणे आणि चष्म्यासारखं दुपाकळी केंद्रक दिसलं की हातातल्या काउंटरची कळ दाबतो.

रक्त घेण्याआधी तंत्रज्ञाने एक प्रश्न विचारायलाच हवा: स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं? दम आवरत नाही म्हणून आदल्या दिवशी ते घेतलं असेल, तर इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात आणि अहवाल चांगला दिसतो. उत्तर अहवालावर टिपलं, तर तो वाचणारा डॉक्टर कमी आकड्याला फसत नाही आणि गरज पडल्यास काही आठवड्यांनी रक्त पुन्हा मागवतो.