गाडीच्या ऑईलचाही हिशेब ठेवा

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्ते ट्रक-ट्रॅक्टरांनी भरून जातात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरकडे ऊस जातो. भिगवणहून मासळी निघते, इंदापूरहून डाळिंब निघते. या गाड्यांच्या मालकांत, चालकांत आणि मिस्त्री लोकांत आपले पुष्कळ बंधू आहेत. मी स्वतः कापडाचा व्यापारी. इचलकरंजीहून माल आणून या भागातील दुकानदारांना पोचविण्यासाठी माझ्याकडे तीन टेम्पो आहेत. डिझेलचा हिशेब मी सुरुवातीपासून ठेवीत आलो. ऑईलचा मात्र कधी ठेवला नाही आणि त्यापायी एका इमानदार माणसावर शक घेतला.

दुकानाच्या मागे २० लिटरचा ऑईलचा डबा असतो. तो फक्त वरून भर घालण्यासाठी. पूर्वी तो दहा-अकरा महिने पुरायचा. पुढे पाच-सहा महिन्यांतच संपू लागला. खाली कुठे गळती दिसेना. माझ्या सर्वांत जुन्या चालकाच्या हाती डब्याची चावी असे. एके दिवशी माझ्या तोंडून नको तो शब्द निघून गेला. तो काही बोलला नाही, चावी गल्ल्यावर ठेवून घरी गेला.

माझा पुतण्या कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने चालकांच्या जुन्या चिठ्ठ्या गोळा करून गाड्यांच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या. दोन टेम्पो हजार किलोमीटरला साधारण २०० मिलिलिटर ऑईल घेत होते. तिसरा आधी २००, मग ४०० आणि शेवटी ९०० मिलिलिटरवर गेला होता. जुना चालक पंधरा दिवस रजेवर असताना दुसऱ्याने तोच टेम्पो चालविला, तेव्हाही आकडा तेवढाच! मिस्त्रीने उघडून पाहिले तर टर्बोचा सील गेलेला. ऑईल आतल्या आत जळत होते, म्हणून जमिनीवर थेंब पडत नव्हता. आणखी थोडे दिवस गेले असते तर इंजिनच हातचे गेले असते. मी चालकाच्या घरी जाऊन माफी मागितली. चावी आज पुन्हा त्याच्याकडेच आहे.

ज्या बंधूंकडे दोन-चार गाड्या आहेत, त्यांनी हा हिशेब असा मांडावा. सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नसेल तर वहीतही चालतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक पदार्थाचे खाते वेगळे ठेवा. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, कूलंट, स्टेअरिंगचे ऑईल. सगळे 'ऑईल खर्च' या एकाच नावाखाली टाकले तर काहीच कळत नाही. प्रत्येक गाडीत कोणता पदार्थ किती लिटर मावतो, हेही आधी भरून ठेवा. म्हणजे कोणी ७.५ च्या जागी ७५ लिहिले तर सॉफ्टवेअर लगेच अडवील.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नोंदीत तारीख, गाडीचा नंबर, मीटरचे रीडिंग, माप, घेणाऱ्याचे नाव आणि कारण हवे. पूर्ण ऑईल बदलले की वरून भर घातली, हे कारण वेगळे लिहिलेच पाहिजे. साठ्यातून दोन्ही वजा होतात, पण गाडी ऑईल खाते की नाही ते भर घातल्यावरूनच ठरते. भर घातलेले लिटर भागिले चाललेले किलोमीटर, गुणिले हजार. ४,००० किलोमीटरमध्ये २ लिटर भर पडली तर आकडा अर्धा लिटर झाला. उसाच्या ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी चाललेले तास धरावेत, कारण तो शेतात उभ्यानेही चालू असतो.

तिसरी गोष्ट, इशाऱ्याची मर्यादा प्रत्येक गाडीच्या स्वतःच्या सरासरीवरून ठरवा. जुन्या आणि नव्या गाडीला एकच माप लावणे गैर आहे. कूलंटला मात्र सूट देऊ नका. ते बंद नळ्यांतून फिरते, वारंवार भरावे लागत असेल तर गळती आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे. ब्रेक ऑईल अचानक उतरले तर भर घालून पुणे-सोलापूर हायवेला गाडी काढू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक मोठ्या डिझेल ट्रकांना डीईएफ लागते. चालक त्याला 'युरिया' म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. शेतीचा युरिया साध्या पाण्यात कालवून टाकणे म्हणजे सायलेन्सरकडील महागडी यंत्रणा स्वतःच्या हाताने बिघडविणे होय. याचा हिशेब किलोमीटरवर न ठेवता डिझेलवर ठेवावा. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर लागते. येथे आकडा वाढला तर चौकशी करा आणि फार घटला तरीही करा. डिझेल जळते आणि डीईएफ उतरत नाही, याचा अर्थ यंत्रणा बंद पडली आहे किंवा कोणी तिला बगल दिली आहे.

काढलेले जुने ऑईलही मोजून लिहा. घातलेले अधिक भर, वजा काढलेले, म्हणजे किती जळले किंवा गळले ते समजते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात धरले जाते, ते परवानाधारकालाच द्यावे. महिनाअखेरीस डब्यातील शिल्लक प्रत्यक्ष मोजून नोंदीशी ताडून पाहा.

ही पद्धत काही परदेशातून आलेली नाही. आपल्या एसटीच्या डेपोत दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, याचा 'केपीटीएल' नावाचा आकडा पाहिला जातो. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे एसटीचे डेपो आहेत. तेथील ओळखीच्या माणसाला विचारले तर पुष्कळ शिकायला मिळेल.

नोकराला पकडण्यासाठी हिशेब ठेवू नका. चालकाला दर महिन्याला आकडा दाखवा, त्याच्याकडूनही दोन गोष्टी कळतील. चोरी होत असेल तर ती वहीत दिसेलच. होत नसेल तर एका गरीब माणसाची इज्जत वाचेल. माझ्याकडे वही नव्हती, म्हणून मला त्याच्या दारात मान खाली घालून उभे राहावे लागले.