ट्रकच्या पंख्याचा आवाज व त्याची परीक्षा

बैल लंगडूं लागला म्हणजे प्रथम त्याचा खूर उचलून पाहण्याची आम्हां शेतकऱ्यांस सवय आहे. परंतु मालाचा ट्रक घुरघुरूं लागला, कीं तो आवाज कोठून येतो हें न पाहतां आपण कारागिराची वाट धरतों. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील शेतकऱ्यांस हें परवडणारें नाहीं. नाशिककडे जावयाचें तर कसारा घाट, जुन्नरकडे जावयाचें तर माळशेज घाट. आणि भरलेल्या ट्रकचें इंजिन तेथें अतोनात तापलें, तर भाडें तर बुडतेंच, पण गॅस्केट जळून हेडही वांकडें होण्याचा संभव असतो. म्हणून इंजिनापुढील पंख्याच्या क्लचाविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ ट्रकांत हा पंखा कप्पीस घट्ट जोडलेला नसतो. दोहोंच्या मध्यें एक चपटा डबा असतो, तोच क्लच. त्यांत सिलिकोनचें दाट तेल असतें व तोंडावर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरांतून येणारी हवा तापली म्हणजे पट्टी फिरून आंतील झडप उघडते, तेल खांचांत शिरतें व त्याच्या चिकटपणानें पंखा जोरानें फिरूं लागतो. हवा निवली कीं तेल आपल्या कोठींत परततें व पंखा मंदावतो. अशा रीतीनें इंजिनाची शक्ति व डिझेल दोन्ही वांचतात.

यावरून उघड होईल कीं, पंख्याचा प्रत्येक आवाज दोषाचा नव्हे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकांत तेल खांचांत उतरून राहतें; त्यामुळें पहाटे सुरू करतांच एक-दोन मिनिटें घोंघों होऊन ती आपोआप शमते. घाटांत वेग कमी व ताप अधिक, तेव्हां तेथें पंखा गर्जला तर तो आपलें काम करीत आहे असें समजावें. मात्र सपाट रस्त्यावरही तो वारंवार गर्जूं लागल्यास आधीं रेडिएटर पाहावा. भाताच्या झोडणीनंतर पेंढा वाहणाऱ्या गाड्यांच्या जाळींत काडी व भुसकट अडकतें. हवा कोंडते आणि दोष मात्र क्लचाच्या माथीं येतो.

इंजिन थंड असो वा गरम, वेगाबरोबर गर्जना वाढते व कधींच शमत नाहीं, तर क्लच जाम झाला असावा. उलट घाटांत कांटा वर चढत असूनही पंख्याचा आवाज नसेल, तर क्लच सुटला असावा. आणि हा मूक दोष अधिक घातक होय.

खात्री करण्यासाठीं इंजिन बंद करून चावी खिशांत ठेवावी व इंजिन निवूं द्यावें. मग पंखा हातानें फिरवावा. किंचित् व सारखा अडथळा लागला तर ठीक. एका धक्क्यानें अनेक फेरे फिरला तर क्लच निकामी. मुळींच न फिरला तर जाम. आणि करकरला तर बेअरिंग गेलें. पात्याचें टोंक पुढेंमागें हालवून पाहावें. ठळक ढिलाई लागल्यासही बेअरिंगाचाच संशय घ्यावा. डब्यावर धूळ चिकटलेले तेलाचे ओघळ दिसल्यास तेल गळत आहे असें जाणावें. पात्यास चीर आहे काय व तें आच्छादनास घासतें काय, हेंही पाहावें.

पुष्कळ इंजिनांत पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर असतो, त्यामुळें दोहोंची गफलत होते. आम्हीं स्वतः एकदां पंप बदलून घेतला. पैसे गेले व करकर तशीच राहिली. दोष क्लचाचा होता. म्हणून पट्टा काढून इंजिन अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ चालवावें. आवाज थांबला तर दोष पट्ट्यानें फिरणाऱ्या भागांत आहे. न थांबला तर इंजिनांत. मग एकेक कप्पी हातानें फिरवून पाहावी.

बिघडलेला क्लच सहसा दुरुस्त होत नाहीं, तो बदलावा लागतो. बोल्ट मारून वा डाग देऊन पंखा कायमचा घट्ट करण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानूं नये. त्यानें डिझेल अधिक जळतें व पंपावर भार येतो. नवा क्लच बसवीपर्यंत आडवा न ठेवतां उभा ठेवावा, म्हणजे तेल गळत नाहीं.

 भरलेला ट्रक घाटाच्या पायथ्याशीं नेण्यापूर्वीं, घरच्या अंगणांतच ही सर्व परीक्षा करावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.